जुन्या मोटारसायकलींच्या चाकांवरील संरक्षक लेप

जुन्या मोटारसायकलींच्या पोलादी रिमला गंजापासून जपण्यासाठी व तिचे मूळ रूप टिकवण्यासाठी क्रोमचा मुलामा, पावडर कोटिंग किंवा रंग दिला जातो. लेपाची निवड रिमचा धातू, तिची स्थिती, स्थानिक हवामान आणि वाहनाचा वापर यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

१९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेली बुलेट, १९६१ पासूनची म्हैसूरची जावा आणि राजदूत या गाड्यांना स्पोकची चाके असत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, मूळ स्वरूपात जतन केलेल्या ५० वर्षांहून जुन्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. त्यामुळे चाकांचे मूळ रूप राखण्याकडे संग्राहकांचा कल असतो.

प्रकार

*क्रोमचा मुलामा* : यात निकेलच्या थरावर क्रोमियमचा अतिशय पातळ थर चढवतात. गंजरोधाचे मुख्य काम निकेल करते. खोल खड्डे पडलेली रिम घासून गुळगुळीत केल्यास तिची जाडी घटते. अशा रिमला क्रोम देणे धोक्याचे ठरते.

*पावडर कोटिंग* : विद्युत्भारित भुकटी फवारून ती सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला भट्टीत पक्की करतात. हा थर जाड असतो. तो स्पोकच्या निपलखाली राहिल्यास दाबला जाऊन स्पोक सैल पडतात व चाक ‘आऊट’ होते. म्हणून निपलची छिद्रे आधी झाकतात.

*रंग* : प्राइमरवर दिलेला दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग खरचटल्यास तेवढ्याच जागी दुरुस्त करता येतो.

*ॲनोडीकरण* : ही प्रक्रिया ॲल्युमिनियमच्या रिमसाठी आहे, पोलादावर ती चालत नाही.

हवामानाचा प्रभाव

कोकणातील खारी, दमट हवा क्रोमला लवकर डाग पाडते. जालना जिल्हा समुद्रापासून दूर असून वर्षाचा बराच काळ तेथे हवा कोरडी असते. मात्र पावसाळ्यात काळी चिकण माती रिमला व स्पोकच्या मुळाशी चिकटून ओल धरून ठेवते. त्यामुळे शेतरस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीस सहज दुरुस्त होणारा रंग सोयीचा ठरतो, तर क्वचित बाहेर काढल्या जाणाऱ्या गाडीस क्रोम शोभते.

पूर्वतयारी

कोणताही लेप देण्यापूर्वी गंज पूर्णपणे काढणे आवश्यक असते. ट्यूबखालचा आतला भाग बाहेरून दिसत नाही. परंतु स्पोकच्या छिद्रांतून शिरलेले पाणी तेथेच साचते. तेथील पत्रा गंजून पातळ झाला असल्यास लेप केवळ दोष झाकतो. अशी रिम बदलणेच सुरक्षित असते.