माराची सोंगे : कोणाला कोणते आवडते?

सुट्टीच्या दिवशी सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोला, गोळीबार, कलिना भागातील कुठल्याही गल्लीत जा. चार मुले एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसलेली दिसतील. वाद बहुधा एकच : रूप बदलणाऱ्या खलनायकांत सगळ्यात भारी कोण? कोणी लोकीचे नाव घेतो, कोणी मिस्टिकचे, तर कोणी बॅटमॅनच्या वैऱ्याचे, क्लेफेसचे. या क्लेफेसच्याही अनेक आवृत्त्या आहेत. १९४० साली आलेला पहिला क्लेफेस हा मुखवटा चढवून खून करणारा एक नट होता. १९६१ साली आलेल्या दुसऱ्याचे अंगच चिखलासारखे झाले आणि तो वाटेल त्याचे रूप घेऊ लागला. १९९२ च्या कार्टून मालिकेने दोघांना एकत्र करून एक दुर्दैवी नट उभा केला. सगळ्यांचे चेहरे घेता घेता त्याचा स्वतःचा चेहराच हरवून गेला. पुष्कळांना हाच क्लेफेस सर्वांत आवडतो, आणि त्यात नवल नाही.

मुलांनी हे वाचू-पाहू नये, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आमचे म्हणणे इतकेच, की या साऱ्या बहुरूप्यांचा पणजोबा शोभेल असा एक खलनायक आपल्या घरातल्या ग्रंथांत बसलेला आहे आणि आपण मुलांना त्याची नीट ओळख करून दिलेली नाही. त्याचे नाव मार.

पाली तिपिटकातील संयुत्त निकायात ‘मारसंयुत्त’ नावाचा एक भागच आहे. त्यात २५ सुत्ते आहेत. बहुतेक सुत्तांची घडण चित्रकथेसारखी आहे. मार येतो, काहीतरी सोंग घेतो किंवा काहीतरी कुजबुजतो. समोरचा त्याला ओळखतो. ओळखले गेल्याबरोबर मार खट्टू होतो आणि तिथल्या तिथे नाहीसा होतो. ना तलवार, ना बाण. ओळखणे हेच शस्त्र.

आता वाचकहो, यातली कोणती सोंगे कोणाला आवडतात ते पाहू.

लहान मुलांना विचाराल तर पहिला नंबर नागराजाचा. रिमझिम पावसाच्या काळोख्या रात्री तथागत उघड्यावर बसलेले असताना मार भल्यामोठ्या सर्पाचे रूप घेऊन येतो. एका अखंड झाडाची होडी कोरावी एवढे त्याचे अंग, काशाच्या थाळ्यांएवढे डोळे, विजेसारखी लवलवणारी जीभ आणि लोहाराच्या भात्यासारखा फुस्कारा. ज्याने हे वर्णन केले त्याला होडी करणारा सुतार, काशाची भांडी घडवणारा कारागीर आणि लोहार जवळून ठाऊक होते. आपल्या कष्टकरी घरातल्या मुलांना ही कथा सांगताना हे जरूर सांगावे. नागाच्या जोडीला हत्तीही आहे. मोठ्या काळ्या शिळेसारखे त्याचे डोके, रुपेरी सुळे आणि नांगराच्या दांडीसारखी सोंड.

पण भीती दाखवणारी सोंगे ही माराची सर्वांत कच्ची सोंगे होत. ती चटकन ओळखू येतात.

थोरामोठ्यांना हसवणारे सोंग म्हाताऱ्या ब्राह्मणाचे. डोक्यावर जटा, अंगावर हरणाचे कातडे, पाठीला बाक, हातात उंबराची काठी, असा मार तरुण भिक्खूंकडे येतो आणि काळजीने सांगतो, की तुमचे केस अजून काळे आहेत, आधी संसाराची मजा तर घ्या! भिक्खू ऐकत नाहीत तेव्हा तो मान हलवतो, जीभ बाहेर काढतो, कपाळावर तीन आठ्या पाडतो आणि काठी टेकत चालू लागतो. चित्रकाराने अगदी चौकट आखून काढावे असे हे दृश्य आहे.

आमच्या मते सर्वांत हुशार सोंग शेतकऱ्याचे. खांद्यावर नांगर, हातात लांब पराणी, अंगावर तागाचे जाडेभरडे वस्त्र, विस्कटलेले केस, चिखलाने भरलेले पाय. तो येऊन विचारतो, “समणा, माझे बैल पाहिलेस का?” असल्या साध्या माणसावर संशय कोण घेईल? आपल्यातल्या बहुतेकांचे आजोबा याच वेशात गावाकडच्या शेतांतून राबले. पण तथागत वेशाकडे पाहत नाहीत, शब्दांकडे पाहतात. बैल हे निमित्त असते. पुढच्याच वाक्यात मार सांगू लागतो, की डोळा माझा, कान माझे, मनही माझेच, माझ्यापासून सुटून जाशील कुठे? पण बैलांचे विचारले तेव्हाच तथागतांनी त्याला ओळखलेले असते.

माता-भगिनींना आवडेल अशी कथा भिक्खुनीसंयुत्तात आहे. श्रावस्तीजवळच्या अंधवनात सोमा नावाची भिक्खुनी ध्यानाला बसलेली असताना मार तिला टोमणा मारतो. ऋषींनाही अवघड असलेले स्थान बाईमाणसाच्या दोन बोटांच्या अकलेला कसे मिळणार? भात शिजला की नाही हे दोन बोटांत दाबून पाहणारी ती बाई, असा त्या टोमण्याचा अर्थ सांगितला जातो. सोमेचे उत्तर असे, की चित्त स्थिर असेल आणि ज्ञान जागे असेल तर बाईपणाचा प्रश्न येतोच कुठे? ज्याला ‘मी बाई’, ‘मी पुरुष’ असेच वाटत राहते, त्याच्याशी जाऊन बोल. इथे माराने ना सापाचे रूप घेतले ना हत्तीचे. त्याने फक्त समाजाचा आवाज काढला. तो आवाज आपल्या घरातही कधी सासूच्या, कधी नवऱ्याच्या, कधी शेजाऱ्याच्या तोंडून निघतो.

विनोदाची हौस असणाऱ्यांसाठी महामोग्गल्लानांची कथा आहे. मार त्यांच्या चक्क पोटात शिरतो. पोट जड झाले म्हणून ते आत लक्ष देतात आणि त्याला बाहेर ये म्हणतात. मग सांगतात, की फार पूर्वी मीच ‘दूसी’ नावाचा मार होतो, माझ्या बहिणीचे नाव काली आणि तू तिचा मुलगा. म्हणजे मार निघाला भाचा! वाईटपणा हा कोणा एकाच्या रक्तात कायमचा नसतो, कालचा मार आज अर्हत होऊ शकतो, एवढा मोठा विचार या गोष्टीत सहज सांगून टाकला आहे. जन्मावरून माणसाला चांगला-वाईट ठरवणाऱ्या देशात ही गोष्ट सांगितली गेली, हे विसरू नये.

ही सोंगे चित्रांत पाहायची तर आपल्याच महाराष्ट्रात अजिंठा आहे. जळगाव स्टेशनात उतरून सुमारे ६० किलोमीटर. इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या या लेण्यांपैकी क्रमांक १ मध्ये मारसेनेचे भित्तिचित्र आहे आणि क्रमांक २६ मध्ये तोच प्रसंग दगडात कोरलेला आहे. हत्तीवर चढून आलेला मार, चित्रविचित्र तोंडांची त्याची फौज, खाली नाचणाऱ्या कन्या आणि मधोमध एक हात जमिनीला लावून शांत बसलेले तथागत. पुष्कळ सहली महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती पाहून परत फिरतात. त्याच लेण्यात मारही आहे, तो मुलांना आवर्जून दाखवावा.

इथे काही सुशिक्षित पालक शंका काढतील. आपण चमत्कार मानत नाही, मग मुलांना हे राक्षस कशाला? शंका रास्त आहे. उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी मार उडवून लावला नाही आणि खराही मानला नाही. गौतमाच्या चित्तावर चालून आलेले दुष्ट विचार आणि विकार म्हणजेच पुराणाच्या भाषेत माराची मुले, असा उलगडा त्यांनी केला. हा उलगडा मुळातच आहे. सुत्तनिपातातील पधानसुत्तात माराच्या सेना मोजल्या आहेत. वासना, नावड, भूक-तहान, तृष्णा, आळस, भीती, शंका, ढोंग व हट्ट, खोटा मानमरातब, आणि शेवटी स्वतःची बढाई व दुसऱ्याचा तुच्छपणा. यात शिंगेवाला एकही नाही. म्हणून मुलांना राक्षस दाखवा, आणि गोष्ट संपली की विचारा, हा राक्षस कुठे राहतो?

आमचे सर्वांत आवडते सोंग मात्र संस्कृत अशोकावदानातले आहे. मथुरेच्या उपगुप्त स्थविरांनी माराला नमवले. मग ते त्याला म्हणाले, मी तथागतांनंतर १०० वर्षांनी जन्मलो, मला त्यांचे रूप पाहता आले नाही. तू त्यांना पाहिले आहेस, दाखव. माराने अट घातली, की माझ्या पाया पडायचे नाही. आणि मग झाडीतून साक्षात तथागत चालत आले. उपगुप्तांना राहवले नाही, त्यांनी लोटांगण घातले. मार घाबरून ओरडला तेव्हा ते म्हणाले, मी तुला नव्हे, त्यांना वंदन केले. मातीच्या मूर्तीपुढे वाकणारा मातीला वंदन करत नसतो.

गोष्ट गोड आहे, तशीच सावध करणारीही. माराला तथागतांचेही सोंग घेता येते. उपगुप्तही भक्तीच्या भरात क्षणभर विसरले, पण तरले, कारण समोर कोण आहे याचे भान त्यांना लगेच आले. आपण विसरतो. निळा झेंडा, बाबासाहेबांचा फोटो आणि मोठ्याने ‘जय भीम’ म्हणून मते किंवा वर्गणी मागायला येणारा प्रत्येक जण आपलाच असतो असे नाही.

आता तर मार फोनवरही येतो. अंगावर पोलिसाचा गणवेश, मागे कचेरीचा देखावा, आणि व्हिडिओ कॉलवर दरडावणी : “तुमच्या नावाचे पार्सल सापडले आहे, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, पैसे भरा, घरात कोणाला सांगू नका.” आयुष्यभर राबून जमवलेला प्रॉव्हिडंट फंड अशा एका सोंगापायी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. भीती ही माराची सहावी सेना आहे. कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. फोन ठेवून द्यावा, घरच्यांना लगेच सांगावे, आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते तेव्हा एखादी संध्याकाळ मुलांसाठी ठेवता येईल. प्रत्येकाने माराचे एक सोंग कागदावर काढावे आणि बाकीच्यांनी ते ओळखावे. नाग, हत्ती, शेतकरी पटकन काढले जातील. मग मोठ्या मुलांना सांगावे, आता तुमच्या वर्गातला, तुमच्या मोबाईलमधला, तुमच्या घरातला मार काढा. ती चित्रे पालकांनीही शांतपणे पाहावीत. एखाद्या चित्रातला चेहरा ओळखीचा निघाला, तर रागावू नये.