ओल्या मिरचीचा सॉस

माझी थोरली बहीण नंदुरबारजवळच्या एका खेड्यात राहते. तिकडे ओली लाल मिरची खुडून पथारीवर, म्हणजे मोकळ्या मैदानात उन्हात वाळत घालतात. दोन वर्षांपूर्वी ऐन वाळवणीत अवकाळी पाऊस आला आणि पसरलेली मिरची काळी पडू लागली. झाडावर राहिलेल्या मिरचीतली दोन किलो ताईनं माझ्याकडे पाठवली. म्हणाली, ‘‘इथं कुजण्यापेक्षा तू काहीतरी कर.’’

थोडा ठेचा केला, थोडं लोणचं घातलं. उरलेल्या मिरचीचा सॉस करायला घेतला आणि फजिती झाली. मीठ घालून वाटलेली मिरची मी बरणीत गच्च भरली, झाकण घट्ट आवळलं आणि विसरून गेले. पाचव्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. झाकण उडालं होतं, छतावर लाल शिंतोडे होते आणि घरातलं प्रत्येक माणूस खोकत होतं. काच फुटली नाही, हे नशीब!

असं का झालं? इडलीचं पीठ आंबतं, तशीच मिरचीही आंबते. तिच्या सालीवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे सूक्ष्मजीव असतात. मीठ घातलं की कुजवणारे जंतू मागे पडतात आणि हे मात्र तग धरतात. मिरचीतली साखर खाऊन ते आम्ल बनवतात, सोबत कार्बन डायऑक्साइड वायूही सुटतो. त्याला वाट हवी, ती मी बंद केली होती. अमेरिकेत लुईझियानातल्या एव्हरी बेटावर १८६८ पासून टबॅस्को सॉस बनतो. तिथं मिरचीचा लगदा ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात. पिंपावर मिठाचा थर देतात, पण वायू बाहेर पडेल अशी सोय ठेवून.

आता कृती सांगते. देठ काढून, धुऊन, पुसून कोरडी केलेली ताजी लाल मिरची अर्धा किलो घ्या. किडकी किंवा डागाळलेली नको. मीठ १५ ग्रॅम, म्हणजे मिरचीच्या वजनाच्या तीन टक्के. लोणच्यात मीठ मुळातच भरपूर असतं, त्यामुळे तिथं हाताचा अंदाज चालतो. इथं तो चालत नाही. मीठ कमी पडलं तर मिरची नासते, फार झालं तर आंबतच नाही. म्हणून काटा वापरा. आवडत असल्यास आठ-दहा लसूण पाकळ्या घाला. जाडसर वाटून काचेची बरणी पाऊणच भरा. झाकण सैल ठेवा आणि रोज एकदा उघडून स्वच्छ, कोरड्या चमच्यानं लगदा खाली दाबा. आपल्याकडच्या हवेत आठवडाभरात आंबटसर वास येऊ लागतो. वर पातळ पांढरी साय धरली तर काढून टाका. पण हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर सगळी बरणीच फेकून द्या. तिथं काटकसर नको.

मग सव्वाशे मिलिलिटर व्हिनेगर घालून लगदा दहा मिनिटं मंद आचेवर उकळा. खिडक्या उघड्या ठेवा. गार झाल्यावर बारीक वाटून गाळा आणि उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत भरा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

हा सॉस टिकतो तो आंबटपणामुळे. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू सामू ४.६ च्या खाली वाढत नाहीत. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात. आपला सॉस ४ च्या खाली आहे ना, ते पाहून घ्या. आणि एक कळकळीची सूचना. कच्चा लसूण-मिरचीचा ठेचा नुसत्या तेलात बुडवून, आंबट काही न घालता, दिवसचे दिवस बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि त्या जंतूंना नेमकं तेच हवं असतं. त्यांचं विष डोळ्यांना दिसत नाही, वासानंही कळत नाही.

हातांचं काय? मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असं आपण म्हणतो. खरं तर तो बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. त्यातलं कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हातमोजे घाला. तरीही हात भगभगले तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. तोंड भाजलं तर पाण्यापेक्षा दूध बरं.

दुसऱ्या खेपेला सॉस जमला. पहिली बाटली ताईला पाठवली. तिचा फोन आला, ‘‘चव छान आहे गं. पण तू दोन किलोचं केलंस. पथारीवर क्विंटलांनी पडलीय, तिचं काय करू?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या वर्षी मात्र तिनं स्वतः तीन बरण्या घातल्या आहेत. झाकणं सैल ठेवली ना, एवढं मी दोनदा विचारून घेतलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)