पट्टीश्वरम् ते पॅव्हेलियन

शास्त्रीय गाणं म्हटलं की बैठक, तानपुरा आणि जाणकार श्रोते डोळ्यांपुढे येतात. पण लाखभर माणसांच्या गलक्यातही टिकून राहतो तो रियाज केलेला गळाच! चेंबूरच्या शंकर महादेवन यांचंच बघा. त्यांच्या गाण्याचा माग काढत गेलं, तर थेट कावेरीच्या मुलखातल्या एका देवळात पोचतो आपण.

देवळातले प्रधानजी
कुंभकोणम्‌जवळच्या पट्टीश्वरम् गावी धेनुपुरीश्वराचं देऊळ आहे. तिथे गोविंद दीक्षित आणि त्यांच्या पत्नी नागांबा यांच्या मूर्ती आहेत. तंजावरच्या नायक राजांचे हे प्रधान संगीताचेही मोठे पंडित. त्यांचे चिरंजीव व्यंकटमखी यांनी सतराव्या शतकात ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ हा ग्रंथ लिहिला आणि कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळांची, म्हणजे मूळ सप्तकांची, मांडणी केली.

७२ आले कुठून?
हिशेब सोपा आहे. सा आणि प अचल. रे-गच्या जोड्या ६, ध-नीच्या जोड्या ६. ६ गुणिले ६ म्हणजे ३६. मध्यम दोन, म्हणून दुप्पट: ७२! मुंबईच्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९०४ मध्ये दक्षिणेचा दौरा केला, व्यंकटमखींचा ग्रंथ अभ्यासला आणि पुढे हिंदुस्थानी रागांची १० थाटांत वर्गवारी केली. दीक्षितांच्या घरचं हे गणित आज दोन्ही पद्धतींच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडतं.

खळेकाकांचा वीणावादक
१९६७ मध्ये तमिळ कुटुंबात जन्मलेले शंकर महादेवन लहानपणीच वीणा आणि कर्नाटक गायन शिकले. पुढे संगीतकार श्रीनिवास खळे यांचं मार्गदर्शन मिळालं. लतादीदी (लता मंगेशकर) आणि पं. भीमसेन जोशी यांच्या ‘राम श्याम गुणगान’मध्ये वीणा वाजवली ती शाळकरी शंकरनं. नंतर इंजिनिअरिंग झालं, सॉफ्टवेअरमधली नोकरी झाली, पण गाणं काही सुटलं नाही. २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटात एहसान-लॉय यांच्यासह संगीत त्यांचं आणि पडद्यावरचे पंडित भानुशंकरही तेच.

घुमा के!
२०११ च्या क्रिकेट विश्वचषकाचं ‘दे घुमा के’ याच त्रिकुटाचं. यजमान देश तीन, म्हणून गाणंही हिंदी, बांगला आणि सिंहली अशा तीन भाषांत. १४ ऑक्टोबर २०२३ ला अहमदाबादेत भारत-पाकिस्तान सामन्याआधी शंकर महादेवन गायले. ३ जून २०२५ ला तिथेच आयपीएलच्या अंतिम दिवशी, सिद्धार्थ आणि शिवम या मुलांना सोबत घेऊन, त्यांनी सैन्यदलांना गाण्यातून सलाम केला.

अर्धा सेकंद उशीर
मैदानात गाणं अवघड का? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १७० मीटरवरच्या स्पीकरमधून स्वतःचाच आवाज अर्ध्या सेकंदानं कानावर येतो. गायक त्याच्यामागे गेला की लय घसरलीच! म्हणून कानात छोटा मॉनिटर घालतात. कर्नाटक पद्धतीत मुलांकडून एकच धडा तीन लयींत, हातानं ताल देत घोटून घेतात. कितीही कल्ला असो, आतली लय हलत नाही ती या घोटण्यामुळे.

दीदींची मैफल
१९८३ चा विश्वचषक भारतानं जिंकला, पण खेळाडूंना द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसा नव्हता. क्रिकेट प्रशासक राजसिंग डुंगरपूर यांनी लतादीदींना साकडं घातलं. दीदी दिल्लीत मानधन न घेता गायल्या आणि मैफलीच्या पैशांतून प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये मिळाले. हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेल्या गाण्यात खेळाडूंनीही सूर मिसळला.

सतारियाचं आशियाड
१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचं स्वागतगीत पं. रविशंकर यांनी बांधलं, शब्द पं. नरेंद्र शर्मा यांचे.

इंग्लंडची धून, संस्कृत शब्द
इंग्लंडच्या सामन्याआधी वाजणारी ‘गॉड सेव्ह द किंग’ची धून ऐकलीय ना? व्यंकटमखींच्या परंपरेतले तिरुवारूरचे मुत्तुस्वामी दीक्षितर (निधन १८३५) यांनी याच चालीवर संस्कृत रचना केली: ‘संततं पाहिमाम्’. फ्यूजन काही आजचं नाही!

ऑपेराही मैदानात
१९९० च्या फुटबॉल विश्वचषकानं ऑपेरागायक पावारोत्तींचं ‘नेस्सुन दोर्मा’ घराघरांत नेलं. अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, ७ जुलैला, रोममध्ये ते डोमिंगो आणि कारेरास यांच्यासह गायले. २०१४ मध्ये रेने फ्लेमिंग अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलमध्ये अमेरिकेचं राष्ट्रगीत गाणाऱ्या पहिल्या ऑपेरागायिका ठरल्या. आणि १९ मार्च २०१६ ला ईडन गार्डन्सवर भारत-पाकिस्तान सामन्याआधी पाकिस्तानचं राष्ट्रगीत गायले पतियाळा घराण्याचे शफकत अमानत अली.

आता आपली पाळी
सामन्याआधीच्या ‘जन गण मन’ला लागतात अवघे ५२ सेकंद. वानखेडेवर, गहुंजेला, नागपूरच्या जामठ्याला हे ५२ सेकंद दर वेळी एखाद्या तरुण शास्त्रीय गायकाला द्या की! महाराष्ट्रात घराघरांत रियाज चालू आहे. ध्वनिमुद्रणापेक्षा जिवंत गळा केव्हाही सरस, आणि हजारोंच्या समोर उभं राहायची सवय नव्या गायकांना लागेल ती वेगळीच.