तद्विद्यसंभाषा

तद्विद्यसंभाषा म्हणजे एकाच विद्येचा अभ्यास करणाऱ्यांनी ज्ञानवृद्धीसाठी परस्परांशी केलेली चर्चा होय. ही संज्ञा आयुर्वेदातील चरकसंहितेत आढळते. संहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्र आत्मसात करण्याचे अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा असे तीन उपाय सांगितले आहेत. वैद्याने दुसऱ्या वैद्याशी बोलणे हा येथे शिक्षणाचाच भाग मानला असल्याने त्या बोलण्यातील आचरणाचे नियमही तपशिलाने आले आहेत.

प्रयोजन

चर्चेमुळे अभ्यासाचा उत्साह वाढतो, बोलण्याचे सामर्थ्य येते, ऐकलेल्या विषयातील संशय फिटतो आणि न ऐकलेलेही कानी पडते, असे संहिता म्हणते. त्यापुढील कारण मार्मिक आहे. गुरू प्रसन्न झाल्यावर शिष्याला जे गुह्य ज्ञान क्रमाक्रमाने देतो, तेच समोरचा वैद्य जिंकण्याच्या भरात थोडक्यात बोलून जातो. ज्ञान राखून ठेवण्याची वृत्ती त्या काळीही होती, हे यावरून दिसते.

संधाय संभाषा

संभाषेचे दोन प्रकार आहेत. पहिली संधाय संभाषा, म्हणजे स्नेहभावाने केलेली चर्चा. ती कोणाशीही करता येत नाही. समोरच्याला ज्ञान व उत्तर देण्याची शक्ती असावी, तो रागीट वा मत्सरी नसावा, समजावल्यास समजणारा आणि इतरांना समजावू शकणारा असावा, कष्ट सोसणारा व गोड बोलणारा असावा, अशी अपेक्षा आहे.

अशा सहाध्यायीशी विश्वासाने बोलावे, विश्वासाने विचारावे व त्याने विचारल्यास स्पष्ट उत्तर द्यावे. आपण हरू या भीतीने बिचकू नये. त्याला निरुत्तर केल्यास हर्ष मानू नये आणि चारचौघांत त्याची बढाई मारू नये. एकाच मताला हट्टाने धरून बसू नये. जे स्वतःला ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये. मतभेद झाल्यास सौजन्याने समजूत घालावी व त्याबाबत सावध असावे. यांतील बहुतेक नियम जिंकणाऱ्याला आवर घालणारे आहेत. हरण्याची लाज वाटेल अशा ठिकाणी कोणी आपला संशय उघड करणार नाही, हे त्यामागील व्यावहारिक शहाणपण होय.

विगृह्य संभाषा

दुसरा प्रकार विरोधाने केलेल्या वादाचा. येथे संहितेचा सूर एकदम बदलतो. वादापूर्वी प्रतिपक्षी आपल्याहून श्रेष्ठ, कनिष्ठ की समान आहे आणि सभा जाणकार की अजाण, अनुकूल, तटस्थ की प्रतिकूल आहे, हे पारखण्यास सांगितले आहे. प्रतिकूल सभेत कोणाशीही वाद करू नये. कनिष्ठाला हरवण्याच्या युक्त्याही दिल्या आहेत: ज्याचे पाठांतर कमी त्याच्यापुढे मोठमोठे सूत्रपाठ म्हणावेत, रागीटाला दमवावे, भित्र्याला घाबरवावे. संधाय संभाषेच्या नियमांशी हे उघडच विसंगत आहे. मात्र अशा वादातून तीव्र वैर उद्भवते, क्रुद्ध माणसाला न करण्याजोगे व न बोलण्याजोगे काहीच उरत नाही आणि सज्जनांच्या सभेतील कलह सुज्ञांना रुचत नाही, असा इशाराही तेथेच आहे.

संहितेतील चर्चा

सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात अशी एक सभा प्रत्यक्ष रंगविली आहे. पुरुष ज्यापासून उत्पन्न झाला त्यापासूनच त्याचे रोगही उत्पन्न होतात का, असा प्रश्न काशिपती वामक उपस्थित करतो. पारीक्षि मौद्गल्य आत्म्याला, शरलोमा मनाला, वार्योविद रसाला, भद्रकाप्य कर्माला, तर भिक्षु आत्रेय काळाला कारण मानतात. प्रत्येकजण आधीच्याचे मत खोडून आपले मांडतो. अखेर पुनर्वसु आत्रेय त्यांना थांबवतात. पक्ष धरून बसल्यास तत्त्व हाती लागत नाही, तेलाच्या घाण्याभोवती फिरणाऱ्याप्रमाणे माणूस तेथेच फिरत राहतो, असे ते सांगतात. ज्या भावांच्या योग्य संयोगाने पुरुष निर्माण होतो, त्यांच्याच बिघाडाने रोग होतात, असा त्यांचा निर्णय आहे. पुढच्याच अध्यायात रस किती यावर एकापासून असंख्यापर्यंत मते मांडली जातात व सहा हे मत स्थिर होते. दोन्ही ठिकाणी खोडली गेलेली मते त्या त्या ऋषीच्या नावासह ग्रंथात जतन केलेली आहेत.

न्यायदर्शनाशी संबंध

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्याने जाणून घ्यावयाची वादविषयक ४४ पदे दिली आहेत. त्यांतील अनेक न्यायसूत्रांतही येतात. न्यायसूत्रे वाद, जल्प व वितंडा यांना स्वतंत्र मानतात, तर चरकसंहितेत जल्प व वितंडा हे वादाचेच भेद आहेत. भारतीय तर्कशास्त्राची मुळे वैद्यांच्या अशा चर्चांत असावीत, असा तर्क सुरेंद्रनाथ दासगुप्त यांनी भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९३२) मांडला आहे.