देवदूत उशिरा येतो

बायबलच्या जुन्या करारातल्या ‘शास्ते’ या पुस्तकात इफ्ताहची गोष्ट येते. वेश्येच्या पोटी जन्मला म्हणून सावत्र भावांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. पुढे अम्मोनी लोक गिलादवर चालून आले, तेव्हा गावच्या वडीलधाऱ्यांना त्याचीच आठवण झाली आणि सेनापती हो म्हणून ते त्याला विनवायला गेले. लढाईआधी इफ्ताह नवस बोलला, की विजयी होऊन परतल्यावर घराच्या दारातून जे सामोरं येईल, ते परमेश्वराला होमबली म्हणून अर्पण करीन. विजय मिळाला, आणि डफ वाजवत, नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी. तिने दोन महिन्यांची मुदत मागितली, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन आपल्या कुमारपणाचा शोक केला आणि मुदत संपताच ती परत आली. बापाने नवस फेडला. मूळ कथेत या मुलीला नावसुद्धा नाही. स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाचा हात ऐन वेळी देवदूताने धरला होता. इथे कोणी येत नाही.

अठराव्या शतकातला लंडनचा संगीतकार हॅन्डेल याच्या ‘जेफ्था’ (इफ्ताहचंच इंग्रजी रूप) या ओरेटोरिओत मात्र देवदूत येतो. ओरेटोरिओ म्हणजे एकल गायक, समूहगान आणि वाद्यवृंद यांनी सांगितलेली, बहुधा धार्मिक कथा. तिला नाटकासारखे अंक असतात, पण नेपथ्य, वेशभूषा आणि अभिनय नसतो. हॅन्डेलसाठी संहिता लिहिणाऱ्या टॉमस मॉरेल या पाद्र्याने मुलीला इफिस हे नाव दिलं, आई आणि प्रियकर दिला, आणि तिसऱ्या अंकात देवदूत आणून तिचा जीव वाचवला. नवसाचा खरा अर्थ बळी नसून आजन्म कौमार्य आणि ईश्वरसेवा असा आहे, असं हा देवदूत सांगतो. ही सोडवणूक पळपुटी आहे, असा आक्षेप या कृतीवर नेहमी घेतला जातो. शेवट दुबळा आहे, हे मान्यच करायला हवं. पण या कृतीचा निकाल शेवटावर लावणं चूक आहे. हॅन्डेलने आपला सगळा जोर दुसऱ्या अंकाच्या अखेरीस लावला आहे, आणि तिथे उभा राहणारा प्रश्न देवदूताच्या उत्तराने मिटत नाही.

हीच कथा हॅन्डेलच्या शंभर वर्षं आधी रोममध्ये जाकोमो कारिस्सिमीने लॅटिन ओरेटोरिओत बांधली होती. त्याचा ‘येफ्ते’ १६५० पूर्वीचा; कारण त्या वर्षी निघालेल्या आपल्या संगीतविषयक ग्रंथात जेझुइट पंडित अथानासियस किर्खर याने त्याची स्तुती केली आहे. विजयाच्या नाचगाण्यातून संगीत क्षणात शोकात कसं उतरतं, याचं किर्खरला विशेष अप्रूप वाटलं. कारिस्सिमीकडे देवदूत नाही. मुलगी डोंगरात विलाप करते, तिच्या ओळींचे शेवट प्रतिध्वनी होऊन परत येतात, आणि मग सहा आवाजांचं समूहगान इस्राएलच्या लेकरांना रडायला सांगतं. कृती तिथेच संपते. ज्या भाविक श्रोत्यांसाठी ही रचना होती, त्यांनी पाझरावं हाच तिचा हेतू होता. देवाच्या न्यायाचा खुलासा तिला द्यायचा नव्हता. हॅन्डेलला ही कृती चांगली ठाऊक होती. तिच्यातलं हे अखेरचं समूहगान त्याने आधीच आपल्या ‘सॅमसन’ या ओरेटोरिओत उचललं होतं. म्हणजे देवदूताविना ही कथा कुठवर जाते, हे त्याने ऐकलेलं होतं.

मग लंडनला देवदूत कशाला लागला? अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बुद्धिवादी टीकाकार बायबलच्या देवाला नीतीच्या तराजूत तोलू लागले होते, आणि इफ्ताहची कथा त्यांच्या हाती आयतं हत्यार होती. मुलीचा बळी गेला नाही, तिला फक्त एकांतवासात ठेवलं, हा अर्थ डेव्हिड किमहीसारख्या मध्ययुगीन ज्यू भाष्यकारांपासून चालत आलेला होता. मॉरेलने त्याचा आधार घेतला. धर्मपंडित म्हणून त्याची सोय झाली. पण दुसऱ्या अंकाचं संगीत ऐकताना ही सोय कुठेच उपयोगी पडत नाही. इफिस ‘गावोत’ या नृत्याच्या ठेक्यावर बापाचं स्वागत करते आणि पुढच्याच क्षणी इफ्ताह भीतीने ओरडतो. मग चौघांचं गाणं येतं, त्यात तिघं मुलीसाठी गयावया करतात आणि इफ्ताह एकटा नवसाला चिकटून राहतो. त्यानंतरच्या वाद्यवृंदासहित गायनपठणात तो खोल खोल उतरत जातो. सुरांची पट्टी सतत सरकत राहते, कुठेही टेकत नाही. आणि शेवटी समूहगान ईश्वरालाच म्हणतं, की तुझे निर्णय माणसाला दिसत नाहीत, इतके ते अंधारात आहेत.

या समूहगानाच्या शेवटी मॉरेलने ईश्वराची आज्ञा योग्यच असते, अशा अर्थाचं वाक्य लिहिलं होतं. हॅन्डेलने ते बदलून अलेक्झांडर पोपच्या ‘एसे ऑन मॅन’ या काव्यातलं, जे आहे ते योग्यच आहे अशा अर्थाचं सुभाषित घातलं. त्यामुळे ईश्वराला हाक मारून सुरू झालेलं गाणं ईश्वराचं नावही नसलेल्या वाक्यावर संपतं. हॅन्डेलने ते वाक्य तुटक, मध्ये शांतता ठेवत बांधलं आहे. श्रोत्याला धीर यावा असं त्यात काही नाही; पटलेलं नसताना मान तुकवल्यासारखं ते ऐकू येतं.

इथे अनेकजण चरित्राकडे धावतात. त्याला कारणही आहे. १३ फेब्रुवारी १७५१ रोजी याच समूहगानाच्या हस्तलिखितावर हॅन्डेलने जर्मनमध्ये टिपण केलं, की डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावल्यामुळे इथेच थांबावं लागत आहे. दहा दिवसांनी, सहासष्टाव्या वाढदिवशी, त्याने काम पुन्हा हाती घेतलं. ते ३० ऑगस्टला पुरं झालं. अंधारावरचं गाणं लिहिताना दृष्टी जावी, हा योगायोग अंगावर काटा आणणारा आहे. पण अंधाराचे शब्द मॉरेलचे आहेत, आणि या ओरेटोरिओतलं बरंच संगीतद्रव्य हॅन्डेलने हाबरमान या बोहेमियन संगीतकाराच्या प्रार्थनासंगीतातून घेतलेलं आहे. म्हणून डोळ्यांच्या दुखण्यावर सगळा अर्थ टांगणं धोक्याचं. चरित्र बाजूला ठेवलं तरी बदललेलं वाक्य आणि त्याची तुटक बांधणी हे पुरावे आपल्या पायावर उभे राहतात.

दुसरा आक्षेप असा, की रंगमंचाशिवाय नाटक हे अर्धंच नाटक. इंग्लिश ओरेटोरिओची अभिनयाशी फारकत निव्वळ नाइलाजातून आली. नाइलाज खराच. १७३२ मध्ये हॅन्डेलचं ‘एस्थर’ हे ओरेटोरिओ थिएटरात अभिनयासह करण्याचा विचार निघाला, तेव्हा लंडनचे बिशप गिब्सन यांनी राजप्रासादाच्या चॅपेलमधल्या गायक मुलांना त्यात भाग घ्यायला मनाई केली आणि हॅन्डेलने ते अभिनयाविना सादर केलं. पण नाइलाजातून आलेली रीत कथेला मानवू शकते. इफ्ताहच्या कथेत निर्णायक गोष्ट घडते ती मनात: एक शब्द दिला जातो आणि तो मागे घेता येत नाही. हे रंगमंचावर दाखवायचं म्हटलं तर नजर सुरीवर आणि मुलीवर खिळते. दिसायला काहीच नसलं, की लक्ष जातं ते विचार करणाऱ्या आवाजांकडे, आणि समूहगान कोणत्याही पात्राचं नसल्यामुळे ते श्रोत्याच्या वतीने बोलू शकतं. अलीकडे दिग्दर्शक ‘जेफ्था’ रंगमंचावर आणतात, त्यातले काही प्रयोग प्रभावीही असतील. पण त्यांनाही दुसऱ्या अंकाच्या शेवटी समूहाला उभं करून गाऊच द्यावं लागतं.

राहिला देवदूत. तो मुलीला वाचवतो, पण बापाने काय करायचं ठरवलं होतं ते पुसत नाही. तो येण्याआधीच इफ्ताह मुलीला स्वर्गात नेण्याची विनवणी देवदूतांना करून चुकला आहे. ही तिसऱ्या अंकातली सर्वांत सुंदर एकल रचना आहे, आणि ती गाणारा माणूस मनाने बळी देऊन मोकळा झालेला आहे. म्हणूनच सुटकेनंतरचा आनंद उपचारासारखा वाटतो. या ओरेटोरिओची थोरवी त्याच्या उत्तरात नाही, प्रश्न पूर्ण ताकदीने विचारण्यात आहे. ज्यांना पडताळून पाहायचं आहे, त्यांनी आधी अर्ध्या तासाच्या आत संपणारा कारिस्सिमीचा ‘येफ्ते’ ऐकावा, मग हॅन्डेलचा दुसरा अंक. तिसऱ्या अंकाचं मत त्यानंतर बनवावं.