पार्सलही अमानतच

क्रोशाच्या टोप्या आणि कुरआनसाठी कापडी जुजदान आमच्या घरात पूर्वीपासून तयार होत. अम्मी आणि भाभी हौसेने करत आणि नातेवाइकांना भेट देत. पुढे ओळखीपाळखीतून मागणी येऊ लागली आणि हौसेचा छोटा धंदा झाला. विणणे-शिवणे आम्हाला येत होते, माल पाठवणे मात्र चुका करत शिकावे लागले.

सर्वांत मोठी चूक रमजानच्या अखेरच्या अशऱ्यात झाली. रोज्यात, इफ्तारीच्या आधीच्या घाईत अकरा पार्सले बांधली. पिशव्या आधी बंद केल्या, पत्ते नंतर चिकटवले. सोलापूरच्या एका बहिणीने मुलीच्या निकाहसाठी मागवलेला जरीचा जुजदान नांदेडला गेला आणि नांदेडच्या मुलाची टोपी सोलापूरला. निकाह ईदच्या तिसऱ्या दिवशी होता. दुसरा जुजदान वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. फोनवर त्या रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प राहिल्या. तेच जास्त लागले.

भाभी म्हणाल्या, "अर्धे पैसे परत करू. जुजदान तर मिळेलच त्यांना." अब्बांना ते पटले नाही. "त्यांनी निकाहच्या दिवसासाठी पैसे दिले होते. तो दिवस आपण देऊ शकलो नाही," ते म्हणाले. आम्ही पूर्ण रक्कम परत केली आणि जुजदानही पाठवला. त्या महिन्याचा नफा त्यातच गेला.

त्याच रात्री अब्बांनी सूरह बकराच्या २८२व्या आयतीची आठवण करून दिली. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण त्यात आहे. आपण तर साधी ऑर्डरही लिहीत नाही, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी वही आली. ऑर्डरची तारीख, वस्तू, रंग, माप, पूर्ण पत्ता, पिनकोड, मिळालेले पैसे आणि पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक, सगळे एका ओळीत. १९७२पासून चालत आलेल्या पिनकोडचा एक आकडा चुकला तरी पार्सल भलत्याच गावी फिरून येते. म्हणून पत्ता ग्राहकाला परत पाठवून "बरोबर आहे ना?" असे विचारतो.

आता एका वेळी एकच पार्सल टेबलावर असते. वस्तू, चिठ्ठी, फोटो, मग पिशवी बंद. पावसाळ्यात आत प्लास्टिकची दुसरी पिशवी.

खर्चाचेही गणित कळले. बहुतेक कुरिअर नुसते वजन पाहत नाहीत. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. ३० × २५ × १० सेंटिमीटरच्या खोक्यात ४०० ग्रॅम माल असला तरी दीड किलोचा आकार पडतो. क्रोशाची टोपी घडी घालून पाकिटात जाते, तिला खोके कशाला? रजिस्टर्ड पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्ये समाविष्ट झाल्यामुळे टपालाने पाठवताना आम्ही स्पीड पोस्टच करतो. टपालखर्च पावतीप्रमाणेच घेतो. मापात खोट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला इशारा फक्त तराजूवाल्यांसाठी नाही.

वस्तू घरी पोहोचल्यावर पैसे देण्याची सोय आम्ही बंद केली. पार्सल नाकारले गेले की जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च आपल्यावर पडतो. नवीन ग्राहकाला निम्मी रक्कम आधी मागतो.

आणखी एक गोष्ट. आमचे बहुतेक ग्राहक भगिनी आहेत. त्यांचे फोन नंबर आणि पत्ते वहीबाहेर जात नाहीत. खराब झालेल्या चिठ्ठ्या फाडूनच टाकतो.

आता पंधराव्या रोज्यानंतर ईदपूर्वी माल पोहोचवण्याचा वायदा आम्ही करत नाही. गेल्या रमजानमध्ये त्यामुळे नऊ ऑर्डरी सोडाव्या लागल्या. भाभींना वाईट वाटले. पण कित्येक वर्षांनी अम्मींना अखेरच्या अशऱ्यात कुरआन घेऊन निवांत बसता आले. घरून असा व्यवसाय करणाऱ्या बहिणींनी वही तर आजच घ्यावी, आणि रमजानची शेवटची तारीख चाँद दिसण्याआधीच ठरवून ठेवावी.