गाळप हंगामाआधी उसाच्या गाड्यांची देखभाल

शेतकरी बंधूंनो आणि ऊस वाहतुकीचा करार केलेल्या गाडीमालकांनो,

बैल कामाला जुंपण्याआधी आपण त्याचे खूर बघतो, नाल मारतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे मळतो. पण ज्या ट्रक-ट्रॅक्टरच्या जिवावर सारा हंगाम काढायचा, त्याचे बॉनेट मात्र गाडी बंद पडल्यावरच उघडतो. ‘चालतीय तोवर चालू द्या’ हा हिशेब फार महाग पडतो.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी भरलेली ट्रॉली रात्री निम्म्या वाटेत बसली. ग्रीस नसल्याने चाकाचे बेअरिंग जळून हब जॅम झाला होता. सुटा भाग मिळून गाडी हलायला दीड दिवस गेला. बेअरिंगची किंमत ती किती! पण तेवढ्यात तोडलेला ऊस फडात वाळत पडला, टोळी बसून राहिली आणि मुकादमाचे बोलणे खावे लागले ते वेगळेच.

उसाला थांबायला वेळ नसतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा. पुढे त्यातले पाणी उडून वजन घटते आणि साखरेचे विघटन होऊ लागते. वजन घटले की शेतकऱ्याचा पैसा जातो, आणि साखर घटली की कारखान्याचा उतारा घसरतो. म्हणून गाडी बिघडण्याआधीच तिची काळजी घ्यायची. ती कशी, हे पाहू.

हंगामापूर्वी

खंडेनवमीला गाडीला हार घालाल, त्याआधी ती मेस्त्रीच्या हाताखालून गेलेली असू द्या. चार-पाच गाड्या असतील तर एकदम सगळ्या गॅरेजला लावू नका. आळीपाळीने एकेक लावा. ब्रेक लायनर, स्टिअरिंगचे सांधे, पाटे व त्यांचे यू-बोल्ट, चाकांची बेअरिंगे आणि रेडिएटरचे होज पाईप तपासून घ्या. ट्रॉलीचा हुक व पिन हातात घेऊन बघा. झिजलेली पिन किंवा वेल्डिंगला गेलेली बारीक चीर रिकाम्या गाडीला त्रास देत नाही, भरल्या गाडीला दगा देते.

रोज सकाळी

गाडी सुरू करण्यापूर्वी पंधरा मिनिटे द्या. सपाट जागी उभ्या असलेल्या थंड गाडीचे इंजिन ऑइल पट्टीने बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, गाडी सुरूच करू नका. रेडिएटरचे पाणी बघा, पण इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, अंग भाजेल. टायरची हवाही थंड असतानाच मोजावी. जोडचाकांच्या आतल्या टायरकडे कोणी बघत नाही, आणि फुटतो बहुधा तोच! दोन टायरमध्ये अडकलेला दगडही काढून टाका.

एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये हवेच्या टाकीत पाणी साचते. खालचा कॉक उघडून ते रोज काढा. डिझेल फिल्टरखालच्या भांड्यातले पाणीही असेच काढा.

आठवड्यातून एकदा

ग्रीस गन घेऊन सगळी निपले भरा. आधी निपल पुसा, नाहीतर माती आत जाईल. फडातल्या वाटेला धूळ फार, म्हणून एअर क्लीनर बघा. तेलाचा असेल तर गढूळ तेल बदला. कोरडा असेल तर हलक्या हवेने आतून बाहेर फुंका, आपटू नका. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. साधारण अर्धा इंच दबला तर ताण ठीक समजावा. चाकाचे नट समोरासमोरचे घेत आवळा. चाक बदलले असेल तर पहिल्या खेपेनंतर पुन्हा एकदा पाना लावा.

ऑइल कधी बदलावे?

पुष्कळ जण फक्त किलोमीटर बघतात. पण उसाची गाडी पळते थोडी आणि कारखान्याच्या आवारात इंजिन चालू ठेवून उभी राहते फार. त्यामुळे तासांचा हिशेब ठेवा. ट्रॅक्टरच्या पुस्तकात २५० तास लिहिले असतील आणि तो रोज १० तास चालत असेल, तर २५ दिवसांत ऑइल बदलायला आले. ऑइलबरोबर फिल्टरही बदला. नंबरासाठी थांबला असाल तेव्हा इंजिन बंद करा, डिझेल वाचेल.

खताचा युरिया गाडीत नको

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकपैकी बहुतेकांना डिझेलशिवाय युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. हे द्रावण ३२.५ टक्क्यांचे आणि अत्यंत शुद्ध असते. घरचा खताचा युरिया पाण्यात कालवून त्या टाकीत ओतू नका. आपल्या खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. त्याने धुराड्याची यंत्रणा बिघडेल आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येईल. तयार द्रावणच विकत घ्या.

जिवाचा प्रश्न

पुढील गोष्टींत तडजोड नको. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल रस्त्यावर कडीने जोडलेले असावेत. एकच ब्रेक लागला तर भरली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि चिखल पुसून ते रोज स्वच्छ ठेवा. रात्री अंधारात उभी ट्रॉली न दिसल्याने दुचाकीवरची माणसे जातात. गाडी बंद पडली तर मागे लांबवर खूण ठेवा, नुसते दगड मांडून निघून जाऊ नका. आणि क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरू नका. पाटे, टायर आणि ब्रेक तिन्ही त्यानेच जातात.

एका गाडीला एक वही

शेवटची गोष्ट साधी, पण सर्वांत मोलाची. प्रत्येक गाडीची वेगळी वही ठेवा. तारीख, तास किंवा किलोमीटर, काय बदलले आणि खर्च किती, एवढेच लिहा. ड्रायव्हरला काही खटकले तर त्यानेही लिहावे, आणि लिहिले म्हणून त्याला रागावू नका. दोन महिन्यांत वहीच सांगेल, कोणती गाडी कशाने अडते. त्याप्रमाणे बेल्ट, बेअरिंग, फिल्टर आणि होज पाईप घरी आणून ठेवा.

तेव्हा बंधूंनो, रोजची पंधरा मिनिटे आणि एक वही, एवढे यंदा करून बघा. फडातला ऊस वेळेवर गव्हाणीत पडेल आणि ड्रायव्हर रात्री सुखरूप घरी येईल.